दारावरून परत गेलेले पार्सल : जपानमधील सात दिवसांचा हिशेब

परदेशी नमुना किंवा माल पाठविणारे आमचे व्यापारी व कारागीर बंधू पॅकिंग, वजन, कस्टमचा फॉर्म आणि टपालखर्च या सर्वांची काळजी घेतात. मात्र पार्सल विमानात चढले की आपले काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात हजारो मैलांचा प्रवास सुखरूप पार पडतो आणि अडचण येते ती अगदी शेवटी, घेणाऱ्याच्या दारात. पोस्टमन येतो, घंटी वाजवितो, घरात कोणी नसते, तो एक कागद टाकून निघून जातो. त्या कागदाचे पुढे काय करावयाचे हे घेणाऱ्यास ठाऊक नसेल तर पार्सल काही दिवसांनी आल्या वाटेने परत फिरते. टपालखर्च जातो, नमुना वेळेवर पोहोचत नाही आणि ऑर्डर दुसऱ्याच्या हाती जाते.

या विषयासाठी आम्ही जपानचे उदाहरण घेतले आहे. त्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे तेथील पुन्हा पार्सल आणून देण्याची पद्धत अतिशय शिस्तीची आहे. ती एकदा समजली तर इतर देशांतील पद्धतीही समजू लागतात. दुसरे म्हणजे तेथील कागद जपानी लिपीत असतो आणि नव्याने गेलेला माणूस तो पाहूनच हतबल होतो. जपानशी हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांचा संबंध आजचा नाही. कोबे येथील मशीद 1935 साली उघडली. ती जपानमधील सर्वांत जुनी मशीद असून तिच्या उभारणीत हिंदी व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. आज टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनच्या परिसरात, हिंदी लोकांची मोठी वस्ती आहे व तीत मराठी कुटुंबेही बरीच आहेत. हिमरू शाल, जरदोजीचे काम, धारावीची चामडी पिशवी यांचे नमुने अशा ओळखीच्या पत्त्यावर पाठविता येतात. म्हणून हा विषय पाठविणारा आणि घेणारा या दोघांच्याही उपयोगाचा आहे.

कागद कोणाचा, हे आधी ओळखा

घरी कोणी नसल्यास जो कागद दारात किंवा टपालपेटीत टाकला जातो त्यास जपानी भाषेत 'फुझाई रेनराकु-ह्यो' म्हणतात. 'फुझाई' म्हणजे गैरहजर. हा कागद म्हणजे जाहिरातीचे पत्रक नव्हे. टपालपेटीत पिझ्झाच्या व घरभाड्याच्या जाहिरातींचा ढीग पडतो आणि त्या ढिगाबरोबर हा कागदही कचऱ्यात जातो. नव्या माणसाने प्रथम हीच खबरदारी घ्यावी.

जपानमध्ये पार्सल पोहोचविणारे मुख्यतः तीन आहेत : जपान पोस्ट, यामातो आणि सागावा. जपान पोस्टची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यांच्या मध्यातून खाली येणारी एक उभी रेघ. यामातोची खूण पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर. यामातोच्या कागदाच्या कडेला मांजराच्या कानांसारख्या खाचा असतात. दृष्टिहीन माणसाला बोटांनी चाचपून कागद ओळखता यावा म्हणून ही सोय केलेली आहे.

भारतीय टपाल खात्यातून पाठविलेले आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट किंवा पार्सल तेथे जपान पोस्टच घरी आणते. जपानमधल्या जपानमध्ये मागविलेला माल बहुधा यामातो किंवा सागावा आणतात. खासगी आंतरराष्ट्रीय कुरियरने पाठविलेला माल ती कुरियर कंपनी स्वतः किंवा तेथील आपल्या भागीदारामार्फत पोहोचविते. तेव्हा नियम एकच : कागदावर ज्याची खूण, त्याच्याकडेच चौकशी. यामातोच्या कागदासाठी पोस्टात जाऊन उभे राहण्यात अर्थ नाही.

कागदावरचे चार आकडे

लिपी वाचता आली नाही तरी आकडे वाचता येतात, कारण ते आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांतच असतात. त्यांपैकी चार गोष्टी शोधाव्यात.

पहिला आकडा पार्सलचा नंबर. भारतातून गेलेल्या स्पीड पोस्टचा नंबर तेरा चिन्हांचा असतो : आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन' ही भारताची दोन अक्षरे. आपल्या पोस्टाच्या पावतीवरील नंबर आणि जपानी कागदावरील नंबर एकच असतो. तो जुळला म्हणजे आपले पार्सल हेच, अशी खात्री झाली.

दुसरा आकडा म्हणजे पोस्टमन येऊन गेल्याची तारीख आणि वेळ. येथे एक मोठी चूक संभवते. जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस लिहितात. म्हणून 4/7 म्हणजे 4 जुलै नव्हे, 7 एप्रिल. कधीकधी सन जपानी कालगणनेत असतो. 2019 हे 'रेइवा' कालखंडाचे पहिले वर्ष, म्हणून रेइवा 7 म्हणजे 2025 आणि रेइवा 8 म्हणजे 2026.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा : पार्सल कोणत्या तारखेपर्यंत ठेवले जाईल ती मुदत. जपान पोस्ट साधारणतः सात दिवस पार्सल सांभाळते. त्यानंतर ते पाठविणाऱ्याकडे परत धाडले जाते. सात दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यात दोन दिवस कागद न पाहण्यात, दोन दिवस 'कोणाला तरी विचारू' म्हणण्यात आणि दोन दिवस कामाच्या धावपळीत गेले की उरतो एकच. कागदावर छापलेली तारीख हीच खरी मानावी.

चौथा आकडा फोन नंबर. यामातोच्या कागदावर बहुधा ते पार्सल घेऊन फिरणाऱ्या चालकाचाच मोबाइल नंबर असतो. जपान पोस्टच्या कागदावर यंत्राने उत्तर देणारा नंबर, कार्यालयाचा नंबर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपावयाचा चौकोनी कोड असतो.

पुन्हा आणून देण्यास सांगणे

पुन्हा आणून देण्याच्या सोयीस 'साइहाइतात्सु' म्हणतात. जपानमध्ये तिचे पैसे पडत नाहीत. ती सांगण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग इंटरनेटचा. जपान पोस्टचे यासाठी इंग्रजी पान आहे. त्यात पार्सलचा नंबर, सात आकडी पिनकोड, पत्ता, हवा तो दिवस आणि वेळ भरावयाची असते. भाषा न येणाऱ्यास हाच मार्ग सर्वांत सोपा.

दुसरा मार्ग यंत्राच्या फोनचा. समोरून जपानी बोलणे ऐकू येते. पण करावयाचे असते ते आकडे दाबणे. पार्सलचा नंबर आणि हवी ती तारीख चार आकड्यांत, म्हणजे 9 मे असेल तर 0509. वेळेसाठी कागदावर दिलेला सांकेतिक आकडा दाबावयाचा. पहिल्यांदा एखाद्या जाणकार सोबत्यास जवळ बसवून करावे. दुसऱ्या वेळी आपले आपल्याला जमते.

तिसरा मार्ग माणसाशी बोलण्याचा. त्यासाठी एवढे एक वाक्य पाठ करावे : 'साइहाइतात्सु ओनेगाइ शिमासु', म्हणजे 'पार्सल पुन्हा आणून द्यावे ही विनंती'. 'क्यो' म्हणजे आज, 'आशिता' म्हणजे उद्या, 'गोझेन्चू' म्हणजे दुपारच्या आत. त्यानंतर नंबर एकेक आकड्याने सावकाश सांगावा.

वेळेच्या पाळ्या ठरलेल्या असतात. यामातोची पहिली पाळी सकाळी 8 ते 12 आणि त्यानंतर 2 ते 4, 4 ते 6, 6 ते 8 व 7 ते 9. पूर्वी दुपारी 12 ते 2 ही पाळीही होती. चालकांना जेवणाची उसंत मिळावी म्हणून ती 2017 साली बंद करण्यात आली. जपान पोस्टच्या पाळ्याही साधारण अशाच असतात. पार्सले शनिवार-रविवारीही पोहोचविली जातात, म्हणून नोकरदाराने सुटीचा दिवस निवडावा.

आमच्या बंधूंनी येथे एक विचार अवश्य करावा. शुक्रवारी दुपारी जुम्याला जावयाचे असेल तर दुपारला लागून असलेली पाळी मागू नये. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत टोकियोत सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो. रमजान त्या दिवसांत असेल तर 4 ते 6 ही पाळी नेमकी इफ्तारवर येते आणि 7 ते 9 ही तरावीहवर. तेव्हा सकाळची पाळी बरी. एकदा वेळ सांगितली की ती पाळणे हा वायदा आहे. चालक त्या वेळेसाठी जिने चढून येतो. 2017 साली जपान सरकारच्या पाहणीत शेकडा 15 च्या आसपास पार्सले पहिल्या फेरीत पोहोचत नसल्याचे दिसून आले होते. एप्रिल 2024 पासून तेथे ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला 960 तासांची मर्यादा आहे. माणसे कमी आणि पार्सले अधिक, अशा स्थितीत दिलेली वेळ चुकविणे म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीचे नुकसान होय.

घरी थांबणे शक्य नसेल तर

पुष्कळ तरुण सकाळी निघून रात्री परततात. त्यांनी घरच्या पत्त्याचा हट्ट धरू नये. जपान पोस्टला पार्सल कामाच्या जागी आणण्यास सांगता येते. मात्र तेथील मालकास आधी विचारावे. किंवा पार्सल पोस्टाच्या खिडकीवर ठेवण्यास सांगून स्वतः जाऊन घ्यावे. मोठ्या पोस्टांत 'युयु' नावाची खिडकी नेहमीच्या कामकाजानंतरही उघडी असते. जाताना तो कागद आणि ओळखपत्र, म्हणजे परदेशी रहिवाशाला मिळणारे 'झाइर्यू कार्ड', जवळ असावे. कार्डावरचे नाव आणि पार्सलवरचे नाव जुळले पाहिजे. आपल्याकडे घरी एक नाव, पासपोर्टवर दुसरे, असा प्रकार नेहमीचा आहे. पार्सलवर पासपोर्टचेच नाव लिहावे; लाडाचे किंवा घराण्याचे अर्धे नाव लिहू नये. दुसऱ्यास पाठवावयाचे झाल्यास सहीचे अधिकारपत्र द्यावे लागते.

उमऱ्यास किंवा गावी जाताना पोस्टात आधी गैरहजेरीची नोंद केल्यास 30 दिवसांपर्यंत टपाल सांभाळले जाते. खोली बदलल्यास पोस्टात तसा अर्ज द्यावा. जुन्या पत्त्यावरचे टपाल एक वर्षपर्यंत नव्या पत्त्यावर फुकट पाठविले जाते. आणि टपालपेटीवर आपले नाव इंग्रजी अक्षरांत तरी लावावे. चौघे मिळून राहतात, खोली एकाच्या नावावर आणि पार्सल दुसऱ्याच्या नावाने, अशा वेळी पोस्टमनला तो माणूस तेथे राहतो हे कसे कळावे?

चामड्याच्या मालाची वेगळी गोष्ट

धारावीच्या आणि मदनपुऱ्याच्या कारागिरांनी हा मुद्दा नीट वाचावा. जपानमध्ये करपात्र किंमत 10,000 येनपर्यंत असलेल्या मालास सर्वसाधारणपणे आयात करांतून सूट मिळते. पण चामड्याच्या पिशव्या, चामड्याची पादत्राणे आणि विणीचे, म्हणजे निटिंगचे, कपडे हे व्यापारी माल म्हणून गेल्यास त्यांना ही सूट लागू होत नाही. कर थोडा असेल तर तो पार्सल देतानाच दारात वसूल केला जातो. म्हणजे घरात माणूस असून भागत नाही, पैसेही तयार लागतात. घरातल्या माणसास हे माहीत नसेल तर तो 'आम्ही काही मागविले नाही' म्हणून पार्सल परत करतो. पाठविणाऱ्याने ही कल्पना आधी द्यावी आणि कर कोण भरणार हे ठरवून घ्यावे. कर चुकविण्यासाठी व्यापारी नमुन्यावर 'भेट' असे लिहिणे हे कायद्याने गैर आहे आणि ईमानदारीलाही धरून नाही.

पाठविणाऱ्याची जबाबदारी

आता इकडच्या बाजूकडे वळू. पार्सल दारातून परत जाते याचा दोष नेहमीच घेणाऱ्याचा असतो असे नाही. अर्धे काम पाठविणाऱ्याच्या हातात आहे.

1. पत्ता पूर्ण लिहावा. जपानी पत्त्यात सात आकडी पिनकोड, भागाचे व गटाचे आकडे, इमारतीचे नाव आणि खोलीचा नंबर असतो. खोलीचा नंबर गळला तर चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पोस्टमन कोणाची घंटी वाजविणार? शक्य झाल्यास घेणाऱ्याकडून जपानी लिपीतला पत्ता मागवून तोही चिकटवावा.

2. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर पार्सलवर आणि कस्टमच्या फॉर्मवर, दोन्हीकडे लिहावा.

3. पाठविल्याच दिवशी पावतीचा फोटो घेणाऱ्यास धाडावा. तेरा चिन्हांचा नंबर हाती असला की कागद हरवला तरी पार्सल शोधता येते.

4. नंबर टाकून रोज पाहणी करावी. जपान पोस्टच्या नोंदीत 'ॲबसेन्स' असा इंग्रजी शब्द दिसला की घरी कोणी नव्हते असे समजावे. 'रिटेन्शन' म्हणजे पार्सल पोस्टात थांबले आहे. त्याच दिवशी फोन करावा. मात्र जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपण दुकान आवरून सायंकाळी 7 वाजता फोन केला तर तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणून पाहणी सकाळी दुकान उघडतानाच करावी.

5. दिवस पाहून पाठवावे. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सुट्या, ऑगस्टच्या मध्यातील ओबोन सण आणि नवे वर्ष या काळात तेथील दुकाने व कार्यालये बंद असतात आणि माणसे गावी जातात.

6. आंतरराष्ट्रीय पार्सलच्या फॉर्मवर, पार्सल देता न आल्यास काय करावे, हे पाठविणाऱ्याने लिहून द्यावयाची जागा असते : परत पाठवावे की सोडून द्यावे. ती कोरी ठेवू नये. परतीचा खर्च पाठविणाऱ्यावर पडू शकतो, तेव्हा स्वस्त नमुना परत मागवावा की नाही याचा हिशेब आधीच करावा.

7. सर्व कागद जपावेत. परत आलेल्या मालाची कस्टमला ओळख पटवावयाची तर तो येथूनच गेला होता याचा पुरावा लागतो. टपाल खात्याने 2022 च्या अखेरीपासून छोट्या निर्यातदारांसाठी डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे निर्यातीचे बिल संगणकावर भरले जाते आणि नोंद पक्की राहते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. पार्सलची पावती जपून ठेवणे हा त्याच शिस्तीचा भाग समजावा.

फसव्या संदेशांपासून सावध

या विषयात लबाडांनीही आपला धंदा मांडला आहे. 'आपले पार्सल आणले होते, आपण घरी नव्हता, येथे बोट लावा' असे मोबाइल संदेश जपानमध्ये गेली काही वर्षे फिरत आहेत. सागावासारख्या नामांकित कंपनीच्या नावाचाही त्यासाठी गैरवापर झाला. बोट लावले की मोबाइलमध्ये नको ते प्रोग्रॅम शिरतात किंवा बँकेची माहिती मागितली जाते. आपल्याकडेही टपाल खात्याच्या नावाने 'पत्ता अपुरा आहे, थोडे पैसे भरा' असे खोटे संदेश येतात. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. जपानमध्ये पार्सल पुन्हा आणून देण्याचे पैसे नाहीत. जो त्यासाठी पैसे किंवा कार्डाचा नंबर मागेल तो लबाड. आलेल्या संदेशातील दुव्यावर न जाता कागदावरचा किंवा पावतीवरचा नंबर स्वतः टाकून पाहावा. नंबरच नसेल तर पार्सलही नाही.

शेवटचा शब्द

दुबई, लंडन, डर्बन किंवा टोकियो, जेथे जेथे आमची माणसे आहेत तेथील कागदाचा रंग आणि मुदत वेगवेगळी असेल, पण तत्त्व तेच आहे. दारात पडलेला कागद म्हणजे पार्सल हरवल्याची बातमी नव्हे. पार्सल सुखरूप आहे, ते कोठे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आपली वाट पाहील, याची ती लेखी हमी आहे. तो ज्या दिवशी हाती येईल त्याच दिवशी वाचला, त्याच दिवशी फोन केला, तर काहीच बिघडत नाही.

एखाद्या कारागिराने महिनाभर डोळे ताणून केलेले काम त्या खोक्यात असते. ते घेणाऱ्याच्या हाती अमानत म्हणून पडावयाचे असते. परदेशी असलेल्या भाच्या-पुतण्यांना पैशाच्या, प्रकृतीच्या आणि नमाज-रोज्याच्या चौकशा आपण फोनवर करतोच. पुढच्या वेळी त्यांना हेही विचारावे : टपालपेटी आज उघडून पाहिली का?